डॉजची चाके ट्यूबलेस करताना

माझ्याकडे १९४३ सालचा डॉज डब्ल्यूसी-५१ हा पाऊण टनी लष्करी ट्रक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने या एका मॉडेलचेच सव्वा लाखाच्या आसपास ट्रक बांधले. त्यांपैकी काही ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आले आणि युद्ध संपल्यावर ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणून लिलावात गेले. माझा ट्रक मी गडहिंग्लजजवळच्या एका लाकडाच्या वखारीतून घेतला. इंजिन मूळचेच, २३० घनइंची, सहा सिलिंडरांचे आणि बाजूच्या व्हॉल्व्हचे होते. त्याची दुरुस्ती होऊन ते सुरळीत चालू लागायला तीन वर्षे लागली, पण ती हकीकत वेगळी. येथे फक्त चाकांविषयी लिहितो, कारण इंजिनापेक्षा चाकांनीच मला अधिक घाबरवले.

या ट्रकची मूळ चाके ‘कॉम्बॅट’ प्रकारची आहेत. रिमचे दोन भाग असतात आणि ते परिघाजवळ नट-बोल्टांनी एकमेकांना आवळलेले असतात. आत ९.००-१६ चा टायर, ट्यूब, फ्लॅप (ट्यूब आणि रिम यांच्यामधली रबरी पट्टी) आणि टायरच्या दोन्ही कडा रिमला दाबून धरणारे एक जाड कडे असते. गोळी लागून हवा गेली तरी टायर रिमवरून निसटू नये आणि ट्रक तसाच काही अंतर पुढे जावा, हा त्यामागचा हेतू. रणांगणावर ही रचना उत्तम असेलही. आंबा घाटाच्या अलीकडे, रात्री साडेनऊ वाजता, डावे मागचे चाक बसल्यावर मात्र तिचे कौतुक करण्याची मनःस्थिती राहत नाही.

त्या रात्री दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी की, रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने लांब पान्यावर उभे राहून दोन स्टड, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात ते आटे असलेले खिळे, तोडले. डॉजच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. तेथे नट सैल करायचा तर पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. हे मला ठाऊक होते, पण मी टॉर्च शोधत होतो आणि सांगेपर्यंत उशीर झाला. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. चाक कसेबसे उतरल्यावर त्याच्या मदतनिसाने परिघावरचे नट खोलायला घेतले, आणि त्या वेळी ट्यूबमध्ये अजून थोडी हवा होती. मी अक्षरशः ओरडलो. सोळा इंच व्यासाच्या वर्तुळावर चौरस इंचाला चाळीस पौंड दाब असला, तर दोन भागांना एकमेकांपासून ढकलणारा जोर साडेतीन टनांच्या वर जातो. ब्रिटिश लष्करात अशा रिमच्या नटांना लाल रंग देण्याची पद्धत होती ती याचसाठी: हवा पूर्ण सोडल्याशिवाय लाल नटाला हात लावायचा नाही. माझ्या ट्रकवर तो रंग कधीच उडून गेला होता. ट्रक दुसऱ्या दिवशी टेम्पोला बांधून कोल्हापुरात आणला आणि त्याच आठवड्यात ट्यूबलेस चाके करून घ्यायची असे ठरवले.

शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि फॅब्रिकेशनच्या कामाला तोटा नाही. पहिल्या कारखान्यात मी मूळ चाक दाखवले, तेव्हा मिस्त्रींनी ते फिरवून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, ह्यो जोड वेल्ड मारून बंद करू की! झालं ट्यूबलेस.” दुसऱ्या ठिकाणी जोडात सिलिकॉन भरण्याचा सल्ला मिळाला. दोन्ही ठिकाणी नम्रपणे नकार दिला, पण नकार का दिला हे स्वतःलाच नीट समजावे म्हणून मी दोन आठवडे केवळ रिमच्या आडव्या छेदांचे नकाशे पाहण्यात घालवले. ते दोन आठवडे वाया गेले नाहीत.

टायरच्या आतल्या काठाला पोलादी तारांची जाड गोट असते. तिला बीड म्हणतात. ट्यूब असते तेव्हा हवा ट्यूब सांभाळते आणि बीडला फक्त जागेवर बसून राहायचे असते. ट्यूब काढली की बीड आणि रिम यांच्यामधली फट हवाबंद ठेवण्याची जबाबदारी त्या दोघांवर येते. म्हणून ट्यूबलेस रिमची बैठक सपाट नसते; मोटारींच्या आणि पिकअपच्या रिममध्ये तिला पाच अंशांचा उतार असतो, तर साडेसतरा, साडेएकोणीस आणि साडेबावीस इंचांच्या ट्रक रिममध्ये पंधरा अंशांचा. हवा भरली की बीड त्या उतारावर चढून घट्ट बसते. मोटारींच्या रिममध्ये बैठकीच्या आतल्या बाजूला एक बारीक उंचवटाही असतो, ज्याला हंप म्हणतात. वळणावर हवा कमी असली तरी बीड त्याच्या आत घसरत नाही. माझ्या कॉम्बॅट रिमला यांतले काहीच नव्हते. जोडाला वेल्ड मारले असते तर गळती कदाचित थांबली असती, पण मधला खोल भाग नसल्यामुळे टायर चढवता-उतरवता आला नसता. शिवाय ऐंशी वर्षांच्या पोलादावर तो वेल्ड किती टिकेल याची हमी कोणी दिली असती? दोन भागांचे ट्यूबलेस चाक अशक्य असते असे नाही. अमेरिकन लष्कराच्या हमव्ही या गाडीचे चाक दोन भागांचेच आहे, पण तेथे जोडामध्ये रबरी ओ-रिंगसाठी मुद्दाम खाच कातलेली असते.

बाजारात सहज मिळणाऱ्या ७.५०-१६ च्या हलक्या ट्रकच्या रिमही याच कारणाने बाद झाल्या. त्यांना बाजूची रिंग वेगळी असते आणि त्या ट्यूबसाठीच बनवलेल्या असतात.

मग टायर कोणता, हा प्रश्न आला. हा प्रश्न आधी सोडवावा आणि रिम नंतर पाहावी, असे माझे मत आहे. मी ज्यांना उलट करताना पाहिले त्यांनी पैसे दोनदा घातले. मूळ टायरचा व्यास सुमारे ९०५ मिलिमीटर. साडेएकोणीस इंची रिमवरचा २८५/७० आर १९.५ (रुंदी २८५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७० टक्के) हा टायर ८९४ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ तितकाच उंच, आणि तो मालवाहू ट्रकांच्या दुकानात मिळतो. मी तो घेण्याच्या अगदी बेतात होतो. परंतु हा टायर माझ्या ट्रकच्या कितीतरी पट वजनासाठी, शंभराच्या वर पौंड हवेसाठी बांधलेला आहे. माझ्यासारख्या हलक्या गाडीखाली तो लाकडाच्या ओंडक्यासारखा वागला असता, आणि डॉजचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आधीच पुरेसे कडक आहेत. पस्तीस इंची, साडेबारा इंच रुंदीचे जीपवाल्यांचे टायर व्यासाला जुळत होते. पण ते पुढच्या चाकांना पूर्ण वळणावर पाट्यांना घासले असते, आणि खरे सांगायचे तर या अरुंद, उंच गाडीला ते शोभलेही नसते.

शेवटी २५५/८५ आर १६ हे माप नक्की केले. हिशेबाने व्यास ८४० मिलिमीटर येतो. गाडी तीन सेंटिमीटरहून किंचित जास्त खाली बसते आणि त्याच वेगाला इंजिन पावणेआठ टक्के जास्त फिरते. ज्या ट्रकचा कमाल वेगच ताशी ५४ मैल आहे, त्याच्यासाठी हा तोटा मी मान्य केला. हे टायर मिळवणे सोपे नव्हते, कारण २०२० पासून टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन आहे. एका व्यापाऱ्याकडे पाच नग होते. घेण्यापूर्वी प्रत्येकाच्या बाजूवरचे चार आकडे वाचले. त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. एक टायर इतर चारांपेक्षा तीन वर्षे जुना निघाला. तो स्टेपनीला ठेवला.

रिमसाठी सात इंच रुंदीच्या, सोळा इंची, हंप असलेल्या पिकअपच्या पाच नव्या पोलादी रिम घेतल्या आणि त्यांची मधली तबकडी काढून डॉजच्या मापाची नवी बसवायची असे ठरले. त्याआधी ट्रक वजनकाट्यावर नेला आणि पुढची व मागची धुरा वेगवेगळी तोलली. पुढे १,२८० आणि मागे १,३४० किलो भरले. रिमची चाकामागची क्षमता हजार किलोच्या वर होती. तरीही मागे चारशे किलोंपेक्षा अधिक माल घालायचा नाही, अशी मर्यादा मी स्वतःला घालून घेतली.

काम ज्यांनी केले ते टर्नर मामा साठीच्या पुढचे होते. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, “पाच स्टड हायत. समोरासमोर स्टडच नाही, तर पीसीडी काढणार कसा?” पीसीडी म्हणजे सगळ्या स्टडांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. प्रश्न परीक्षेचा होता. पाच स्टडांच्या चाकात शेजारच्या दोन स्टडांच्या मध्यांतले अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणावे लागते. आम्ही व्हर्नियरने पाचही अंतरे मोजली, सरासरी ११९.४ मिलिमीटर आली, म्हणजे वर्तुळाचा व्यास २०३.२, बरोबर आठ इंच. मामांनी मान हलवली आणि चहा मागवला.

यानंतर सर्वाधिक वेळ गेला तो तबकडी रिममध्ये किती खोल बसवायची हे ठरवण्यात. ती बाहेर बसली तर चाक आत जाते आणि स्टिअरिंगच्या दांड्याला लागते. आत बसली तर चाक बाहेर येते, हबच्या बेअरिंगवर भार वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देते. मूळ चाकाच्या काठावर सरळ पट्टी आडवी ठेवून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजली, रुंदीतला अर्ध्या इंचाचा फरक दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा वाटला आणि टायरची मध्यरेषा मूळ जागीच राहील असे माप काढले. तेवढ्यावर विश्वास न ठेवता जाड प्लायवुडची एक खोटी तबकडी करून रिममध्ये ठोकली, हवा न भरता टायर चढवला, पुढची धुरा जॅकवर घेतली आणि चाक हाताने दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहिले. पाट्यापासून दोन बोटे अंतर राहिले.

तबकड्या दहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी प्लेटमधून लेझरने कापून घेतल्या आणि नटांच्या शंकूच्या आकाराच्या बैठका मामांनी लेथवर घेतल्या. प्लेट मूळ तबकडीपेक्षा जाड असल्यामुळे नटाला आटे पुरतात की नाही हे तपासावे लागले. स्टडच्या व्यासाइतके तरी आटे नटात गुंतले पाहिजेत, आणि ते गुंतत होते. वेल्डिंग दोन्ही बाजूंनी केले, पण एका दमात गोल फिरून नाही. थोडा तुकडा एका बाजूला, पुढचा समोरच्या बाजूला, मध्ये थंड होऊ देत, कारण सलग उष्णता दिली की रिम वाकते आणि मग ‘चाक आउट मारतंय’ अशी तक्रार जन्मभर ऐकावी लागते. चाकाचा डगमग मोजणाऱ्या डायल गेजवर चार चाके एक मिलिमीटरच्या आत आली. पाचवे दीड मिलिमीटर बाहेर होते. ते कापून पुन्हा केले. मामा त्या दिवशी माझ्याशी फारसे बोलले नाहीत.

व्हॉल्व्हसाठी साडेअकरा मिलिमीटरची भोके पाडून रबरी व्हॉल्व्हऐवजी नटाने आवळायचे धातूचे व्हॉल्व्ह बसवले. रंग ऑलिव्ह ड्रॅब दिला, मात्र बीडच्या बैठकीवर आणि नटांच्या शंकूंवर जाड थर चढू दिला नाही. नटाखालचा रंग चेपला की नट सैल होतो.

टायर चढवताना साबणाचे पाणी लावून, व्हॉल्व्हची पिन काढून हवा भरली आणि बीड बसेपर्यंत चाळीस पौंडांच्या वर जायचे नाही, असे बजावून सांगितले. चाक लोखंडी पिंजऱ्यात होते. चाके प्रत्येकी दोन ठणठणीत आवाज करून बसली. पाण्याच्या टाकीत बुडवल्यावर तिसऱ्या चाकातून बारीक बुडबुडे येऊ लागले, आणि तेही तबकडीच्या वेल्डजवळून. वेल्डच्या उष्णतेने रिमच्या पत्र्याला सुईच्या टोकाएवढे भोक पडले होते. कोणीतरी आतून लांबी (पुटी) भरू म्हणाले. टायर पुन्हा उतरवला, तेवढा भाग घासला, नव्याने वेल्ड मारले आणि पाचही चाके अठ्ठेचाळीस तास हवा भरून ठेवली.

बॅलन्सिंगला नवीच अडचण आली. चाकाचे मधले भोक इतके मोठे आहे की यंत्राचा सर्वांत मोठा शंकूसुद्धा त्यातून आरपार जातो. मामांनी पाच स्टडांची एक चकती कातून दिली. ती यंत्राला जोडून त्यावर चाक बसवले, तेव्हा कोठे काम झाले.

पहिली फेरी पन्हाळ्यापर्यंत केली आणि परत आल्यावर नट पुन्हा आवळले. दोन नट पाव फेरा फिरले. शंभर किलोमीटरनंतर एकही हलला नाही. टायरवर खडूची आडवी रेघ ओढून ती रुंदीभर सारखी पुसली जाते का हे पाहत हवा ठरवली: पुढे ३८ आणि मागे ४२ पौंड. स्टिअरिंग आधीपेक्षा हलके झाले, याची मी अपेक्षा केली नव्हती.

मूळ पाचही चाके मी जपून ठेवली आहेत. धुरा, हब, ब्रेक किंवा चासी यांना कोठेही कापले नाही, त्यामुळे अर्ध्या दिवसात ट्रक पूर्वस्थितीत आणता येतो. पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी २०२१ साली जी ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी आली, तिच्यात वाहन मूळ स्वरूपात असण्याची अट आहे, आणि मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही फेरबदलांविषयी कडक आहे. कोणतीही तपासणी किंवा प्रदर्शन असले की मी जुनी चाके चढवूनच ट्रक नेतो.

जुन्या रिमच्या परिघावरचे नट मी आता लाल रंगवले आहेत. डाव्या बाजूच्या दोन्ही हबांवर पांढऱ्या रंगात ‘उलटे आटे’ असे लिहिले आहे. वेगदर्शक मात्र अजून ५४ दाखवतो तेव्हा गाडी ५० मैलांनीच धावत असते, आणि त्याचे गिअर बदलण्याचे काम मामांकडे दोन महिने पडून आहे.