दहानं भागलेलं मत

महापालिकेला चार बटणं दाबायची सवय असलेल्या पुणेकराला स्कॉटलंडची निवडणूक समजावून सांगताना सगळ्यात आधी आडवा येतो तो आपला प्रभाग. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. एक पाच जणांचा प्रभाग सोडला तर बाकी सगळीकडे अ, ब, क, ड. त्यामुळे "ग्लासगोच्या प्रादेशिक मतदारसंघातून सात आमदार जातात" असं म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, हां, म्हणजे सात जणांचा प्रभाग.

तसं नाही. आपल्या प्रभागात चार स्वतंत्र निवडणुका एकाच दिवशी, एकाच मतदारयादीवर होतात. प्रत्येक गटात ज्याला जास्त मतं, तो आला. एखाद्या पॅनलची हवा असली की चाळीस टक्क्यांतही चारही जागा एकाच घरात जाऊ शकतात आणि बाकीचे साठ टक्के पुढच्या निवडणुकीपर्यंत खड्ड्यांचे फोटो टाकत बसतात. ग्लासगोच्या त्या सात जागा बरोबर उलट्या कामाला ठेवल्या आहेत. पंगतीत ज्याच्या पानात आधीच वाढून झालंय त्याला थांबवायचं आणि रिकाम्या पानांकडे वळायचं.

सांगाडा थोडक्यात असा. स्कॉटिश पार्लमेंटमध्ये १२९ सदस्य. ७३ जण आपल्या आमदारासारखे, एका मतदारसंघातून एक. उरलेले ५६ आठ प्रदेशांतून, प्रत्येकी सात. मतदाराला दोन कागद मिळतात. फिकट जांभळ्यावर मतदारसंघातल्या उमेदवाराला फुली, पीच रंगाच्या कागदावर पक्षाला फुली. पक्षानं प्रदेशासाठी आधीच क्रमवार यादी दिलेली असते, जास्तीत जास्त बारा नावांची. मतदाराला तो क्रम हलवता येत नाही. पहिली निवडणूक मे १९९९ मध्ये झाली, तेव्हापासून हे गणित बदललेलं नाही. नावं आणि सीमा मात्र बदलतात. २०२६ साठी नव्या सीमा आखल्या तेव्हा लोदियन हा प्रदेश त्या नावानं उरला नाही, 'एडिनबरा अँड लोदियन्स ईस्ट' झाला. म्हणून जुन्या आणि नव्या निकालांची थेट तुलना करताना जपून.

आता गणित, कारण सगळी गंमत तिथंच आहे. पद्धत बेल्जियमच्या दॉन्ट यांची. पक्षाची प्रादेशिक मतं घ्यायची आणि त्यांना 'त्या प्रदेशात आतापर्यंत मिळालेल्या जागा अधिक एक' यानं भागायचं. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्याला एक जागा. त्याचा भाजक एकानं वाढवायचा आणि पुन्हा भागायचं. अशा सात फेऱ्या. पहिल्या फेरीच्या आधीच मतदारसंघात जिंकलेल्या जागा मोजायच्या, ही त्यातली कळ.

२०२१ चा ग्लासगो घ्या. तिथले नऊच्या नऊ मतदारसंघ स्कॉटिश नॅशनल पार्टीनं, म्हणजे एसएनपीनं जिंकले. पीच कागदावरची मतं अशी: एसएनपी १,३३,९१७, लेबर ७४,०८८, कॉन्झर्व्हेटिव्ह ३७,०२७, ग्रीन ३६,११४. एसएनपीच्या पदरात नऊ जागा आहेत, म्हणून तिचा भाजक दहा. सव्वा लाखाहून जास्त मतं, भागून उरली १३,३९१. बाकी तिघांचा भाजक एक.

पहिली जागा लेबरला, ७४,०८८ वर. लेबरचा भाजक दोन झाला, भागाकार ३७,०४४. कॉन्झर्व्हेटिव्ह ३७,०२७ वर उभे आहेत, म्हणजे सतरानं मागे, त्यामुळे दुसरी जागाही लेबरची. तिसरी कॉन्झर्व्हेटिव्ह. चौथी ग्रीन, ३६,११४. पाचवी लेबर, २४,६९६ वर. सहावी पुन्हा लेबर, १८,५२२ वर. सातवी कॉन्झर्व्हेटिव्ह, १८,५१३.५ वर. आठवा भागाकार ग्रीनचा होता, १८,०५७, पण आठवी जागाच नाही. लेबर चार, कॉन्झर्व्हेटिव्ह दोन, ग्रीन एक, एसएनपी शून्य.

वाचणाऱ्याची नजर सतरा मतांच्या त्या फरकावर अडकते, आणि तो फरक बिनकामाचा आहे. दुसरी जागा लेबरला आणि तिसरी कॉन्झर्व्हेटिव्हला असो किंवा उलट, दोघांनाही ती मिळणारच होती. खरी रेघ फक्त सातव्या आणि आठव्या भागाकाराच्या मध्ये असते. ग्रीनला दुसरी जागा हवी असती तर तिची निम्मी मतं १८,५१३.५ च्या वर जायला हवी होती, म्हणजे एकूण ३७,०२८. कमी पडली ९१४.

त्याच कागदावर 'इंडिपेंडंट ग्रीन व्हॉइस' नावाचा दुसराच एक पक्ष होता. त्याला २,२१० मतं पडली. नावात ग्रीन, चिन्हातही ग्रीन ठळक. नामसाधर्म्याचा उमेदवार उभा करायची कला आपल्याकडे ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. साउथ स्कॉटलंडमध्ये तर ग्रीनची जागा ११५ मतांनी गेली आणि या पक्षाला तिथं १,६९० होती. त्यातली किती चुकून पडली हे कागद सांगत नाही, पण पक्षाचं नाव आणि चिन्ह नीट वाचा हा सल्ला इथं फुकटचा नाही.

आता एक प्रयोग. समजा नऊपैकी एक मतदारसंघ एसएनपीकडून लेबरनं हिसकावला असता, आणि पीच कागदावरची मतं तीच राहिली असती. फायदा कोणाचा? लेबरचा, असं कोणीही म्हणेल. मांडून बघा. एसएनपीचा भाजक नऊ, भागाकार १४,८७९, तरी रेघेच्या खालीच. लेबरची सुरुवात आता दोनपासून: ३७,०४४, मग २४,६९६, मग १८,५२२, मग १४,८१७. म्हणजे यादीतून तीनच जागा. कॉन्झर्व्हेटिव्ह दोन, आणि सातवी जागा १८,०५७ वर ग्रीनला. लेबर एक अधिक तीन, तिथंच चार. एसएनपीची एक गेली आणि मिळाली ग्रीनला, ज्यांचा त्या मतदारसंघाशी काडीचा संबंध नाही. दोन कागद एकमेकांना कसे बांधलेले आहेत हे यापेक्षा स्वच्छ दाखवता येत नाही.

हे स्वतः एक्सेलमध्ये करायचं असेल तर पाच रकाने पुरतात: पक्ष, प्रादेशिक मतं, आतापर्यंतच्या जागा, भाजक, भागाकार. चुका ठरलेल्या. पहिली, एसएनपीला दहाऐवजी नवानं भागणं. तो 'अधिक एक' विसरला जातो. दुसरी, जांभळ्या कागदावरची मतं बेरीज करून वापरणं. या गणितात त्या कागदावरच्या फक्त जिंकलेल्या जागा येतात, मतं नाहीत. तिसरी, जागा मिळालेल्या पक्षाचा भाजक वाढवायचा सोडून सगळ्यांचेच वाढवणं. आणि अपूर्णांक मधेच गुंडाळू नका, काट्याच्या लढतीत अर्धं मतही रेघ हलवतं.

यावरून काही जण थेट पुढचं टोक गाठतात: "मग एसएनपीला पीच कागदावर मत देणं म्हणजे वायाच." ग्लासगोत २०२१ साली ते खरं होतं. एसएनपीला तिथं एक जागा काढायला १,८५,००० च्या वर मतं लागली असती. पण हाच नियम सगळीकडे लावला की फसगत. त्याच वर्षी साउथ स्कॉटलंड आणि हायलंड्स अँड आयलंड्समध्ये एसएनपीला यादीतून एकेक जागा मिळाली. २०११ मध्ये नॉर्थ ईस्ट स्कॉटलंडमध्ये तर दहाच्या दहा मतदारसंघ जिंकून वर यादीतूनही एक मिळाली, म्हणजे भाजक अकरा असूनही. त्या वर्षी एसएनपीच्या ६९ पैकी १६ जागा यादीच्या होत्या आणि बहुमतासाठी ६५ लागतात. हिशोब तुम्हीच करा.

मत 'वाया' जातं का हे त्या प्रदेशात पक्ष किती मतदारसंघ जिंकणार यावर ठरतं, आणि मत देताना ते कोणालाच माहीत नसतं. म्हणून मत फोडायचे डाव मला पोकळ वाटतात. २०२१ मध्ये एसएनपीचे माजी नेते अॅलेक्स सॅमंड यांचा अल्बा पक्ष हेच सांगत फक्त प्रादेशिक यादीवर उतरला: जांभळं एसएनपीला द्या, पीच आम्हाला. देशभरात मतं १.७ टक्के, जागा शून्य. सात जागांच्या प्रदेशात शेवटची जागा साधारण पाच-सहा टक्क्यांवर येते. कायद्यात किमान टक्केवारी लिहिलेली नाही, ती सातच्या आकड्यात दडलेली आहे. पाच टक्क्यांच्या खाली गेलात तर यादीचं ५०० पौंडांचं डिपॉझिटही जप्त.

शहरातल्या शहरात ताळा करायचा असेल तर पुणे शहराच्या आठ विधानसभा जागा एक प्रदेश समजा. २०२४ मध्ये भाजपनं सहा घेतल्या, हडपसर अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे, वडगाव शेरी शरद पवारांच्या. म्हणजे जादा सात जागा वाटायला बसलो असतो तर भाजपचा भाजक सात, दोन्ही राष्ट्रवादींचा दोन-दोन, आणि काँग्रेस, दोन्ही शिवसेना, मनसे सगळ्यांचा एक. मात्र विधानसभेची मतं घेऊन हे गणित पूर्ण करू नका. युती-आघाडीत कोथरूडला एक पक्ष, कसब्यात दुसरा. जो पक्ष उभाच नव्हता त्याची मतं कुठून आणणार? पीच कागद असता तर प्रत्येक पक्षाला आठही ठिकाणी मतं मागावी लागली असती आणि जागावाटपाच्या बैठकांचा अर्धा जीव गेला असता. बंडखोरी मात्र थांबली नसती. ती यादीतल्या क्रमांकावरून झाली असती.

यादीची खरी दुखरी बाजू हीच, क्रम पक्ष ठरवतो. मतदारसंघात पडलेला उमेदवार यादीतून वर येऊ शकतो. तेव्हा अशीच पद्धत असलेल्या वेल्समध्ये २००३ ला क्लूइड वेस्ट मतदारसंघात हरलेले तिघे नॉर्थ वेल्सच्या यादीतून सभागृहात पोचले. मागल्या दारानं आले म्हणून बोंब झाली, २००६ च्या कायद्यानं दोन्हीकडे उभं राहायला बंदी आली, २०१४ च्या कायद्यानं ती उठली. २०२६ पासून वेल्सनं मिश्र पद्धतच सोडली: १६ मतदारसंघ, प्रत्येकी सहा, सगळे ९६ यादीतून.

जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक फक्त मतदारसंघाची होते. यादीतल्या सदस्याच्या जागी त्याच यादीतलं पुढचं नाव येतं, आणि पोटनिवडणुकीत बलाबल बदललं तरी यादीचं गणित पुन्हा मांडत नाहीत. अपक्षाला यादीच नसते. मार्गो मॅकडोनाल्ड लोदियनमधून अपक्ष म्हणून २००३, २००७ आणि २०११ अशा तीनदा आल्या. एप्रिल २०१४ मध्ये त्या गेल्या आणि ती जागा २०१६ च्या निवडणुकीपर्यंत रिकामी राहिली.

काम घेऊन कोणाकडे जायचं? प्रत्येक नागरिकाला आठ सदस्य असतात, एक मतदारसंघाचा आणि सात प्रदेशाचे. दर्जा सारखा. प्रादेशिक सदस्यानं एकाच मतदारसंघात ठाण मांडू नये, दोनपेक्षा जास्त मतदारसंघांत काम करावं, अशी आचारसंहितेची अपेक्षा आहे. ग्लासगोत हे बसनं जमतं. हायलंड्स अँड आयलंड्स हा प्रदेश पुणे जिल्ह्याच्या दुपटीहून मोठा, वर ऑर्कनी आणि शेटलंड समुद्रात.

पुण्यातून तिकडं शिकायला गेलेल्यांसाठी: भारतीय नागरिक कॉमनवेल्थमध्ये मोडतो, त्यामुळे राहण्याचा वैध व्हिसा आणि स्कॉटलंडमधला पत्ता असेल तर मत देता येतं, वय १६ पूर्ण हवं. नोंदणी ऑनलाइन होते, मतदानाच्या बारा कामकाजाच्या दिवसांआधी, मध्यरात्रीपर्यंत. नॅशनल इन्शुरन्स नंबर (तिथला कर आणि सामाजिक विम्याचा क्रमांक) मागतात; नसेल तर नाही का ते लिहायचं. मतदान सकाळी सात ते रात्री दहा. या निवडणुकीला फोटो ओळखपत्र लागत नाही. लंडनच्या पार्लमेंटच्या निवडणुकीला लागतं, तिथं गोंधळ होतो.

आणि कागदावर आकडे घालायचे नाहीत. १, २, ३ ही पसंती कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या निवडणुकीत लिहितात. २००७ मध्ये दोन्ही निवडणुका एकाच दिवशी घेतल्या, पार्लमेंटची दोन्ही मतं एकाच कागदावर दोन रकान्यांत छापली, आणि ग्लासगो व लोदियन्समध्ये पक्ष इतके झाले की जागा करायला वरच्या सूचना तोकड्या केल्या, रकान्यांकडे दाखवणारे बाणही काढले. अनेकांनी एकाच रकान्यात दोन फुल्या मारल्या. सुमारे १,४६,००० मतं बाद झाली. पुढच्या खेपेपासून दोन वेगळे कागद आले आणि कौन्सिलची निवडणूक दुसऱ्या वर्षी ढकलली. तेव्हा जांभळ्यावर एक फुली, पीचवर एक फुली. पीचवरची फुली दुसऱ्या पसंतीची नाही. तीही पहिल्याच पसंतीची, फक्त ती पक्षाला आहे.