तुम्ही विचारलंत म्हणून: ‘विकसनशील’ लिहू की ‘ग्लोबल साऊथ’?

‘मागास देश’ लिहिलं की कोणीतरी डोळे वटारतं, ‘तिसरं जग’ जुनाट वाटतं. मग लिहायचं तरी काय, असं तुम्ही वरचेवर विचारता. आपण नेमकं काय मोजतोय ते आधी ठरवा, शब्द त्यावरून ठरतो.

उत्पन्नाबद्दल लिहीत असाल तर वर्ल्ड बँकेचे चार गट घ्या: अल्प, निम्न-मध्यम, उच्च-मध्यम आणि उच्च उत्पन्न. हे गट दरडोई सकल राष्ट्रीय उत्पन्नावरून, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण कमाईच्या माणशी वाट्यावरून पडतात आणि यादी दर वर्षी 1 जुलैला नव्याने लागते. म्हणून गटाबरोबर वर्षही लिहा.

‘अल्पविकसित’ हा शब्द मात्र सैल हाताने वापरू नका. संयुक्त राष्ट्रांकडे 1971 पासून तशी अधिकृत यादी आहे. निकष तीन: उत्पन्न, लोकांचं आरोग्य-शिक्षण, आणि आर्थिक व पर्यावरणीय धक्क्यांनी कोलमडण्याचा धोका. आढावा दर तीन वर्षांनी, आणि सलग दोन आढाव्यांत पात्र ठरल्याशिवाय यादीतून सुटका नाही. बोट्सवाना 1994 मध्ये बाहेर पडला, भूतान 2023 मध्ये. इक्वेटोरियल गिनी 2017 मध्ये सुटला तो तेलाच्या पैशावर, तीनपैकी फक्त उत्पन्नाचा निकष लावून. आरोग्य-शिक्षणात तो उंबरठ्याच्या खालीच होता. अशा देशाला नुसतं ‘यादीबाहेर आलेला’ म्हटलं तर वाचक हमखास फसतो.

‘विकसनशील’चा घोळ वेगळाच. जागतिक व्यापार संघटनेत हा दर्जा देश स्वतःच जाहीर करतो, कारण त्यासोबत सवलती आणि नियम लागू करायला जास्तीची मुदत मिळते. सिंगापूरनेही तिथे स्वतःला विकसनशील म्हणवून घेतलं! वर्ल्ड बँकेने 2016 मध्ये आपल्या ‘विकास निर्देशक’ या आकडेवारीतून विकसित-विकसनशील ही विभागणीच काढून टाकली.

‘ग्लोबल साऊथ’ म्हणजे ढोबळमानाने आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले कमी श्रीमंत देश; हा शब्द राजकारणापुरता ठीक. भूगोल म्हणून वापरलात तर दक्षिणेत असूनही श्रीमंत असलेला ऑस्ट्रेलिया आडवा येतो. ‘तिसरं जग’ म्हणजे मुळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन्ही गटांबाहेरचे देश; तो शब्द शीतयुद्धाविषयी लिहितानाच ठेवा.

आता ‘विकसनशील देशांत वीज पोचलेली नाही’ हे वाक्य घ्या. बहुतेक घरांत वीज नसलेला आफ्रिकेतला चाड आणि जवळजवळ सगळीकडे वीज असलेला ब्राझील एकाच पिशवीत गेले. दुरुस्त करताना विचारा: कोणता देश, शहर की खेडं, किती टक्के घरं, कोणत्या वर्षी? देशातल्या एखाद्या भागाला ‘मागास’ म्हणतानाही हेच. तिथे दवाखाना किती किलोमीटरवर आहे आणि रस्ता पावसाळ्यात चालू असतो का, ते लिहा; ‘मागास’ खोडलं तरी वाक्याचं काही बिघडत नाही.