चवथीची रजा कोणाला? : आमची वाटचाल

आमचं ऑफिस गोव्यात, फोंड्याला. हॉटेलांच्या आणि गाडीवाल्यांच्या ड्युट्या लावून देणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. सुरुवात बिलिंगने झाली होती, पण मॅनेजर लोक हटकून विचारायचे, "बिलाचं ठीक आहे हो, ड्युटी कोण लावणार?"

पहिलं काम एका गाडीमालकाचं. जितक्या गाड्या, तितकेच पिकअप. कुठली गाडी कुठे पाठवली तर रिकामी धाव कमीत कमी होईल? याला जेनेटिक अल्गोरिदम, म्हणजे पिढ्यान्पिढ्या उत्तर सुधारत नेणारी पद्धत, लागतच नाही. हॅरॉल्ड कून यांनी १९५५ साली मांडलेली हंगेरियन पद्धत अशा एकास-एक वाटपाचं अचूक उत्तर चटकन देते. आजही कोणी 'एआय लावून द्या' म्हणत आलं आणि काम इतकं सरळ असलं, तर आम्ही हेच देतो. बिल लहान होतं, ते सोडा.

गुंता आहे तो हॉटेलच्या पाळ्यांत. रात्रपाळी करून गेलेल्याला लगेच सकाळी बोलवायचं नाही. काणकोणच्या माणसाची शेवटची बस चुकायला नको. चवथीला निम्म्या स्टाफला घरी जायचं असतं, नाताळात उरलेल्यांना. वीस माणसं वीस जागी लावण्याचे प्रकार मोजले तर १९ आकडी संख्या येते. त्या आकड्याला हंगेरियन पद्धत घाबरत नाही, पण एकाची पाळी दुसऱ्याच्या पाळीवर अवलंबून राहिली की ती हात टेकते.

मग आम्ही मिशिगन विद्यापीठाच्या जॉन हॉलंड यांच्या वाटेने गेलो. त्यांनी १९७५ च्या पुस्तकात मांडलेली जेनेटिक अल्गोरिदमची कल्पना अशी: भरपूर कच्चे तक्ते कसेही बनवा, प्रत्येकाला गुण द्या, चांगल्या तक्त्यांच्या जोड्या लावून पुढची पिढी काढा, अधूनमधून एखादा बदल आपणहून करा. पाळ्यांच्या तक्त्यात मात्र एक अडचण येते. दोन तक्ते मधोमध कापून जोडले की एकच माणूस दोन ठिकाणी दिसतो आणि दुसरा गायब. म्हणून एका तक्त्याचा तुकडा आहे तसा ठेवायचा आणि उरलेली नावं दुसऱ्याच्या क्रमाने भरायची. बदल म्हणजे दोन नावांची अदलाबदल. निघालेला तक्ता सर्वोत्तमच असेल याची हमी नाही. गिऱ्हाइकाला हे आम्ही आधीच सांगतो.

खरा वेळ खाल्ला तो गुण ठरवण्याने. कुठली अट मोडली तर तक्त्याला किती दंड, म्हणजे किती गुण वजा, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. एका हॉटेलातल्या हाउसकीपिंगच्या सुपरवायझर बाई आमचा तक्ता बघून म्हणाल्या, "गेल्या चवथीला ज्याला रजा दिली नाही, त्याला यंदाही नाही म्हणालात तर दंड दुप्पट धरा." प्रोग्रॅममध्ये ती ओळ आली आणि रजेवरून होणारी कुरबुर बरीच थांबली. आता नवीन हॉटेल घेतलं की आम्ही मॅनेजरच्या आधी अशा बाईंना गाठतो.

२०२३ च्या जानेवारीत मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं सुरू झाली आणि गाड्यांचं कामही सरळ राहिलं नाही. एक पाहुणा पेडण्याच्या टोकाला, दुसरा दाबोळीच्या जुन्या विमानतळावर, त्यात विमान उशिरा. एकच गाडी दिवसभर एकामागून एक फेऱ्या करते, म्हणजे एक फेरी लांबली की पुढच्या सगळ्या हलतात. अशा वेळी आम्ही कोऱ्या पाटीवरून सुरुवात करत नाही. सकाळची यादी आणि तिच्यात थोडे फेरफार केलेल्या याद्या हीच पहिली पिढी. शिवाय बदललेल्या प्रत्येक नावाला दंड, कारण भर दुपारी अख्खी नवी यादी हातात पडली तर ड्रायव्हर फोनच उचलत नाहीत.