तुम्ही विचारलंत म्हणून: चिठ्ठी वेळेवर पोचली असती तर?

‘रोमिओ अँड ज्युलिएट’वर बोलायला उभी राहिले की हा प्रश्न हमखास येतो. चिठ्ठी वेळेवर पोचली असती तर दोघं वाचली असती ना? मग दोष त्यांच्या दोन घराण्यांमधल्या वैराला कशाला, नशिबालाच द्यायला हवा.

वाचली असती, हे खरंच. ज्युलिएट मेलेली नाही, औषधाने निपचित पडली आहे, हे रोमिओला त्या चिठ्ठीतून कळायचं होतं. ती घेऊन निघालेला फ्रायर (मठातला साधू) जॉन प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला गेला आणि चिठ्ठी हद्दपार रोमिओकडे, मँटुआ शहरात, गेलीच नाही. पण मला त्याच्या आधीचं विचारावंसं वाटतं. गुपचूप लग्न झालेल्या मुलीला नवऱ्याकडे जायला मरणाचं सोंग का आणावं लागलं? घरात तोंड उघडायची सोयच नव्हती म्हणून. वैराने त्या दोघांचं पहिलं नुकसान केलं ते हे, बाकीचं सगळं त्यातून निघालं.

तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश बघा. रोमिओचं लग्न होऊन जेमतेम तास झालाय. टिबल्ट भर रस्त्यात त्याचा अपमान करतो. हा टिबल्ट आता बायकोचा मामेभाऊ, म्हणून रोमिओ तलवारीला हात घालत नाही. तुझ्यावर माझा जीव आहे, कारण तुला पुढे कळेल, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. ते कारण तिथेच सांगितलं असतं तर? पण सांगणार कसं! मर्क्युशिओला वाटतं, मित्र कच खातोय, आणि तोच तलवार उपसतो. रोमिओ सोडवायला मधे पडतो, त्याच्या हाताखालून टिबल्टचा वार मर्क्युशिओला लागतो. मर्क्युशिओ तर दोन्हीपैकी कुठल्याच घराचा नाही. मग सूड, टिबल्टचा मृत्यू, रोमिओची हद्दपारी.

बरं, हे वैर चालवतंय कोण? नाटकाच्या सुरुवातीला भांडण उकरून काढतात ते नोकर. पुढच्याच प्रवेशात ज्युलिएटचा बाप, म्हातारा कॅप्युलेट, म्हणतो की आमच्या वयाच्या माणसांना शांततेने राहणं काही अवघड नाही. मेजवानीत रोमिओ ओळखला जातो तेव्हा तोच टिबल्टला दटावतो, पोरगा चांगल्या वळणाचा आहे म्हणतो. मूळ भांडण कशावरून, हे शेक्सपिअर सांगतच नाही. थोरल्यांच्या मनातलं वैर विझत आलंय, पण ‘आता पुरे’ असं चारचौघांत आधी कोणी म्हणायचं? हा बाप मला फार चटका लावतो. त्याने ठरवलेल्या पॅरिस नावाच्या तरुणाशी लग्नाला नाही म्हणणाऱ्या ज्युलिएटला तो घराबाहेर काढायला निघतो, आणि तिचं लग्न झालंय हे त्याला ठाऊकच नसतं.

स्पॅनिश नाटककार लोर्काच्या ‘ब्लड वेडिंग’मधली (१९३३) आई मात्र काहीच विसरलेली नाही. फेलिक्स घराण्यातल्यांनी तिचा नवरा मारला, एक मुलगा मारला. उरलेला मुलगा द्राक्षं कापायला चाकू मागतो तर ती जगातल्या सगळ्या चाकूसुऱ्यांना शिव्याशाप देते. त्याच मुलाची नवरी ऐन लग्नाच्या दिवशी लिओनार्दो फेलिक्सबरोबर पळून जाते. तेव्हा आई म्हणते, जा त्यांच्या मागे. लगेच म्हणते, नको जाऊ, ती माणसं झटक्यात जीव घेतात. आणि पुन्हा म्हणते, जा! त्या दोन वाक्यांपुरती ती आई असते, मग परत घराण्याची होते. रानात दोन्ही तरुण एकमेकांच्या हातून मरतात.

‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बसवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. शेवटी या दोघांचं लग्न लावणारा फ्रायर लॉरेन्स सगळी हकिकत सांगतो ते लांबलचक भाषण पुष्कळदा कापलं जातं, प्रेक्षकांना सगळं माहीतच असतं म्हणून. कापू नका. प्रेक्षकांना माहीत असतं, त्या दोन घरांना नसतं. या दोघांचं लग्न झालं होतं, ते मी लावलं, हे दोन्ही बापांसमोर उघडपणे सांगितलं जाण्याची नाटकातली ती पहिलीच वेळ आहे. आणि ते ऐकून कोणीही तलवार उपसत नाही.