कन्सल्टंट आहात ना, मग पावत्यांची पिशवी कशाला?

पुण्या-मुंबईच्या आयटीत हल्ली ऑफर लेटरऐवजी ‘कन्सल्टन्सी अ‍ॅग्रीमेंट’ हातात पडतं. पीएफ नाही, फॉर्म १६ नाही, टीडीएस कापून रक्कम खात्यात. मार्च आला की पेट्रोलच्या पावत्या, मोबाइलची बिलं पिशवीत भरून मंडळी सीएकडे निघतात. बहुतेकांच्या त्या पिशवीला काडीची किंमत नसते. (खालची कलमं १९६१च्या आयकर कायद्यातली, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६पर्यंतची. १ एप्रिल २०२६पासून नवा कायदा, नवे क्रमांक.)

आधी २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या टीडीएसचा आयकर खात्याकडचा तक्ता, उघडा आणि टीडीएस कुठल्या कलमाखाली कापलाय ते बघा. १९२ म्हणजे पगार. १९४जे म्हणजे व्यावसायिक फी, १० टक्के. तांत्रिक सेवा असेल तर २. १९४सी म्हणजे कंत्राट, व्यक्तीला १ टक्का. अकाउंट्सवाले सवयीने भलतंच कलम टाकतात. ते तुम्हाला बदलता येत नाही, कंपनीनेच टीडीएस रिटर्न सुधारून भरावं लागतं. म्हणून रिटर्न भरायच्या वेळेची वाट न बघता पहिल्या तिमाहीतच तपासा. पण १९४जे दिसलं म्हणजे तुम्ही कन्सल्टंट झालात असंही नाही. हजेरी, ठरलेल्या रजा, एकच साहेब, दुसरीकडे काम करायला बंदी, हे सगळं करारात असेल तर अधिकारी त्याला नोकरी म्हणू शकतो.

त्याने केवढा फरक पडतो बघा. वर्षाला १८ लाख पगार असेल तर नव्या कररचनेत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन सेससह कर १,५०,८०० रुपये. तेच १८ लाख ४४एडीए या व्यावसायिकांच्या गृहीत उत्पन्नाच्या कलमाखाली दाखवले तर निम्मे, म्हणजे ९ लाख उत्पन्न. दुसरं उत्पन्न नसेल तर ८७एच्या सवलतीने कर शून्य आणि कापलेला १ लाख ८० हजार टीडीएस परत. उरलेले ९ लाख खर्च म्हणून गृहीत धरलेले असतात, त्यामुळे बिलं कोणी मागत नाही आणि वरून आणखी खर्चही दाखवता येत नाही, लॅपटॉपचा घसारासुद्धा नाही. वर्षाच्या जमेची मर्यादा ५० लाखांची. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. मात्र जमा २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी आली, इकडे आयकर शून्य असला तरी.

आणि हे कलम सरसकट सगळ्या फ्रीलान्सरांचं नाही. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअरवाले, आयटीवाले अशी यादी ठरलेली आहे. अनुवादकाने किंवा कंटेंट रायटरने ते डोळे झाकून लावू नये.

खर्च खरोखरच निम्म्याहून जास्त असेल तर पिशवीला अर्थ आहे, पण मग हिशेबवह्या आणि ऑडिटही आलं. एका माणसाला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली की तो खर्च बाद. ९० हजारांचा लॅपटॉप एकदम खर्ची पडत नाही; ४० टक्के घसारा, म्हणजे ३६ हजार. खरेदीच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर १८ हजारच.

सगळ्यात जास्त चुकतं ते प्रवासखर्चात. फी ८० हजार आणि नागपूरच्या विमानाचे १२ हजार एकाच बिलात लिहिले की टीडीएस ९२ हजारांवर कापला जातो आणि २६एएसमध्येही ९२ हजारच दिसतात. ४४एडीएमध्ये त्यातले निम्मे तुमचं उत्पन्न, म्हणजे विमान कंपनीला गेलेल्या पैशातले ६ हजार तुमच्या माथी. तिकीट क्लायंटलाच काढू द्या. ते जमलं नाही तर मूळ पावती जोडून वेगळं बिल द्या, फीच्या बिलात मिसळू नका.

परदेशी क्लायंट सहसा टीडीएस कापत नाही. तिथे कर १० हजार किंवा त्याहून जास्त निघत असेल तर ४४एडीएवाल्यांनी सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरायचा. महाराष्ट्रात व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये वेगळे. नोकरीत ते पगारातून परस्पर जात होते. आता पीटीईसी, म्हणजे व्यवसाय कराची नोंदणी, स्वतः काढायची आणि स्वतःच भरायचे.