तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे टेस्टर असूनही बग राहतात कसे?

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो आणि रात्री गेम खेळतो. त्यामुळे ऑफिसातली पोरं, चुलतभावंडं, कधी कधी तर ओळखीच्यांचे ओळखीचेसुद्धा एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. अफाट पैसा ओतून, वर्षानुवर्षं खपून केलेल्या ओपन-वर्ल्ड गेममध्ये, म्हणजे मोकळ्या जगात हवं तिकडे भटकू देणाऱ्या गेममध्ये, पहिल्याच दिवशी इतके बग, म्हणजे चुका, कसे? टेस्टर ठेवत नाहीत का हे लोक? हल्ली त्या प्रश्नाला शेपूटही असतं: जीटीए 6 हा येऊ घातलेला गेम पहिल्या दिवशी घेऊ की थांबू?

टेस्टर असतात हो. भरपूर असतात. पण हिशेबच त्यांच्या विरोधात जातो. शंभर टेस्टर, रोज आठ तास, वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर झाले दोन लाख तास. 10 डिसेंबर 2020ला सायबरपंक 2077 हा गेम आला, तेव्हा पीसीवरचे गेम विकणाऱ्या एकट्या स्टीमवर एकाच वेळी दहा लाखांहून जास्त माणसं तो खेळत होती. त्यांचा एक तास म्हणजे त्या शंभर जणांची पाच वर्षं! शिवाय टेस्टर काही झालं तरी पगारी माणूस, तो यादीप्रमाणे तपासत जातो. खेळणाऱ्याला कसली यादी? स्कायरिम नावाच्या गेममध्ये लोकांनी दुकानदाराच्या डोक्यावर बादली उपडी घातली आणि त्याच्या डोळ्यांदेखत, म्हणजे बादलीदेखत, दुकान साफ केलं. दुकानदाराला दिसत नाही, म्हणून चोरी झालेलीच नाही. नियमाप्रमाणे सगळं बरोबर चाललेलं होतं, हे विशेष.

ओपन-वर्ल्डचं खरं दुखणं इथेच आहे. एकेरी वाटेच्या गेममध्ये तुम्ही कुठून येणार, कुठे जाणार हे ठरलेलं असतं. इथे हवामान, वाहतूक, प्राणी, पोलीस, वस्तूंचं वजन, पात्रांची दिनचर्या या प्रत्येकाची वेगळी यंत्रणा असते आणि त्या सगळ्या एकमेकींत लुडबुड करत असतात. स्कायरिमवर काम केलेल्या नेट पर्कीपाइल यांनी 2021मध्ये सांगितलेला किस्सा मी नव्या टेस्टरना हमखास ऐकवतो. गेमच्या सुरुवातीला कैद्यांची घोडागाडी डोंगरातून खाली उतरते. गेम तयार होत असताना ती गाडी मधेच थरथरायची आणि रॉकेटसारखी आभाळात उडायची. दरवेळी नाही, कधी कधीच. कारण सापडेना. शेवटी गुन्हेगार निघाली एक मधमाशी.

आधी एक वेगळाच बग होता: मधमाशी हातात पकडता येत नव्हती, त्यामुळे काही औषधी रसायनं बनवता येत नव्हती. कोणीतरी तो इमानेइतबारे दुरुस्त केला. पण त्या दुरुस्तीत माशी नुसती पकडण्याजोगी झाली नाही, ती इतर वस्तूंना धडकूही लागली, आणि तिला जागचं हलवणं कोणालाच शक्य नव्हतं. गाडीला पुढे जायचंय, माशी हटायला तयार नाही, मग गाडीला वर जाण्यावाचून गत्यंतर काय? रसायनांचा बग मिटवणाऱ्याने घोडागाडी तपासून बघायला हवी होती असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडे एक महिना काम करून पाहावं.

तेव्हा बग असणार, हे मी धरूनच चालतो. सगळे बग मात्र मी एका मापाने मोजत नाही. द विचर 3मध्ये रोच नावाची घोडी छपरांवर जाऊन उभी राहायची. लोकांना त्याची इतकी मजा वाटली की कंपनीने पुढे आपल्या पत्त्यांच्या गेममध्ये छपरावरच्या रोचचं पान काढलं. असे बग मला तर हवेच असतात. खेळ कुठवर आला हे जपून ठेवणाऱ्या सेव्ह फाइलला हात लावणारा बग मात्र अक्षम्य. स्कायरिमच्या प्लेस्टेशन 3 आवृत्तीत सेव्ह फाइल जसजशी फुगत जाई तसतसा गेम रखडू लागे. म्हणजे ज्याने जास्त जीव लावून खेळलं त्यालाच जास्त शिक्षा. सायबरपंकच्या पीसी आवृत्तीत सेव्ह फाइल 8 एमबीच्या वर गेली की ती खराब व्हायची. हे पॅचने, म्हणजे कंपनीने नंतर पाठवलेल्या दुरुस्तीने, मिटलं, पण वाया गेलेले तास काही पॅचने परत येत नाहीत.

आणि याहून वाईट गोष्ट म्हणजे लपवाछपवी. सायबरपंकवर माझा राग आहे तो बगांसाठी नाहीच. एप्रिल 2020ची तारीख तीनदा पुढे ढकलली, तेही मला चालतं. पण रिलीजच्या आधी समीक्षकांना दिली ती फक्त पीसी आवृत्ती, आणि स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्यं दाखवायला त्यांना मनाई. प्लेस्टेशन 4 हे 2013चं यंत्र. त्याच्या मंद हार्ड डिस्कवरून एवढं दाट शहर वेळेत उचलून पडद्यावर आणणं गेमला झेपत नव्हतं. गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी जानेवारी 2021मध्ये माफी मागताना ही अडचण कबूल केली. म्हणजे सॅम्पल फ्लॅट एका इमारतीतला दाखवला आणि ताबा दुसऱ्याच इमारतीत दिला. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने आठवडाभरात गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, तो परतला थेट 21 जून 2021ला. पुढे सप्टेंबर 2023च्या 2.0 पॅचनंतर लोक त्याच गेमचं तोंडभरून कौतुक करू लागले, पण तो पॅच जुन्या कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशन 4सारख्या गेमच्या यंत्रांवर, आलाच नाही. ज्यांनी सर्वांत जास्त सोसलं, ते त्या सुधारणेच्या बाहेरच राहिले. ‘शेवटी नीट केलाच ना’ म्हणणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

युबिसॉफ्टच्या असॅसिन्स क्रीड युनिटीचंही तेच. नोव्हेंबर 2014मध्ये चेहऱ्याची कातडी गायब, नुसते डोळे आणि दात तरंगतायत, ही चित्रं जगभर फिरली. पण माझ्या लक्षात राहिली आहे ती वेगळीच गोष्ट: अमेरिकेत गेम विक्रीला आल्यानंतर काही तासांनीच समीक्षा छापायची परवानगी होती. कंपनीला काय ठाऊक होतं, याचा अंदाज तेवढ्यावरून बांधता येतो.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता रडतो. झेल्डाचा टिअर्स ऑफ द किंगडम 2022मध्ये यायचा होता, तो आला 12 मे 2023ला. ते शेवटचं वर्ष बहुतांश घासूनपुसून घेण्यात गेलं, असं निर्माते आओनुमा यांनीच सांगितलं. वाटेल ती वस्तू वाटेल त्या वस्तूला चिकटवू देणारा गेम, आणि तरी तो कोलमडत नाही. अर्थात त्यांना एकाच यंत्रासाठी तो करायचा होता, हेही खरं.

आता जीटीए 6. तो बनवणाऱ्या रॉकस्टारने 2025वरून तो आधी 26 मे 2026वर आणि मग 19 नोव्हेंबर 2026वर नेला. कारण सांगितलं ते अजून घासूनपुसून घेण्याचं. मला हे ऐकून बरंच वाटलं. आधी जाहीर झालेत ते फक्त प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज, म्हणजे मोजकीच यंत्रं, आणि त्या प्रत्येकात एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान साठवण. रेड डेड रिडेम्प्शन 2 कन्सोलवर 2018मध्ये बऱ्यापैकी नीट आला होता. 2019मध्ये पीसीवर आला तेव्हा कित्येकांच्या मशीनवर तो सुरूच होईना. उलट 2021ची जुन्या जीटीएंची सुधारित त्रयी अशी आली की रॉकस्टारला माफी मागावी लागली. तेव्हा नाव बघून डोळे मिटून पैसे देऊ नका.

मी स्वतः प्री-ऑर्डर करणार नाही. डिजिटल प्रत काही संपत नाही, मग आधी पैसे कशाला अडकवायचे? शिवाय प्लेस्टेशनच्या दुकानातून एकदा डाउनलोड सुरू केलं की गेम सदोष असल्याशिवाय सहसा पैसे परत मिळत नाहीत. स्टीमवर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर मिळतात, पण ओपन-वर्ल्डमध्ये दोन तासांत धड प्रस्तावना संपत नाही. म्हणून तुमच्याकडे जे यंत्र आहे, त्याच यंत्रावर वीस-तीस तास खेळलेल्या माणसाचं म्हणणं कानावर येईपर्यंत थांबा. तेवढ्याला साधारण एक आठवडा लागतो. पीसीवाल्यांना तर घाई करायची सोयच नाही, तुमच्या आवृत्तीची तारीखच अजून जाहीर झालेली नाही.