वीसेक वर्षं म्हणाले आणि अडकले

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या डाव्या हाताला काचेची एक खिडकी आहे. वर पाटी : कॅशलेस / टीपीए, म्हणजे विमा कंपनीकडून बिल परस्पर मंजूर करून घ्यायची खिडकी. 16 जानेवारी 2025 च्या गुरुवारी सकाळी साडेदहाला डॉक्टर राउंडला आले आणि ‘आज घरी जा’ म्हणाले. मी घरी पोचले रात्री दहाला. मधला अख्खा दिवस त्या खिडकीने खाल्ला. छातीतलं दुखणं गेलं, त्याचं आता काही वाटतही नाही. खिडकी मात्र डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मला संधिवात आहे. वयाप्रमाणे गुडघे झिजतात तो नव्हे. रूमॅटॉइड, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो. सकाळी तास-दीड तास मुठी वळत नाहीत, गॅसचं बटण तळहाताच्या कडेने फिरवावं लागतं. इतकी वर्षं हे दुखणं सोबत असलं की माणसाला एक खोड लागते : काहीही दुखो, ‘संधिवातच असेल’ म्हणून मोकळं व्हायचं. रविवारी, 12 तारखेला, संध्याकाळी तिळाच्या वड्या केल्या. रात्री डावा खांदा आणि मान भरून आली. म्हटलं, गूळ ढवळला, लाटणं फिरवलं, त्याचं आहे. पहाटे साडेतीनला छातीच्या मधोमध दुखायला लागलं. खोल श्वास घेतला की आत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. आडवं पडलं की जास्त, उठून बसून उशी छातीशी धरून पुढे वाकलं की जरा कमी. तरीही मी अर्धा तास ‘ॲसिडिटी असेल’ आणि ‘संधिवात असेल’ यांत घालवला. शेवटी यांनीच शेजाऱ्यांचं दार वाजवलं.

शेजाऱ्यांच्या गाडीतून नाशिकच्या इंदिरानगरहून मुंबई नाक्याकडच्या हॉस्पिटलात दहा मिनिटांत पोचलो. पहाटे रस्ता मोकळा होता म्हणून निभावलं. तुम्ही तसं करू नका, 108 ला फोन करा. वाटेत मला काही झालं असतं तर शेजाऱ्यांनी गाडी चालवली असती की मला बघितलं असतं?

कॅज्युअल्टीत मात्र कुणी वेळ घालवला नाही. आत जाताच ईसीजी, ॲस्पिरिनची गोळी चावून खायला, रक्त तपासायला. ट्रोपोनिन वाढलेलं निघालं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात वाढतं. त्यामुळे सगळ्यांचे चेहरे बदलले आणि ‘अटॅक’ हा शब्द पडद्यापलीकडून माझ्या कानावर आला. त्याच गडबडीत एक तरुण डॉक्टर बोर्डावर कागद लावून उशाशी उभा राहिला. बीपी आहे का, शुगर आहे का, कसली ॲलर्जी. मग, ‘आजी, संधिवात किती वर्षांपासून?’

आजी म्हणाला याचा राग गिळून मी म्हटलं, ‘झाली असतील वीसेक वर्षं.’

गुडघे दुखायला लागून वीस वर्षं झालीच असतील. पण ते दुखणं वेगळं आणि आजाराचं निदान वेगळं. निदान झालं 2014 मध्ये. मी 31 वर्षं शाळेत गणित शिकवलं. उत्तरात कारण नसताना ‘अंदाजे’ लिहिलं की अर्धा गुण कापायची. आणि ऐन परीक्षेत मीच अंदाजे बोलून बसले. त्याने कागदावर लिहिलं : संधिवात, 20 वर्षं.

दुपारी अँजिओग्राफी झाली. ती हल्ली मनगटातून करतात, पण त्यासाठी मनगट मागे वाकवून ठेवावं लागतं आणि माझं मनगट सहा-सात वर्षांत मागे वाकलेलंच नाही. मग जांघेतून केली. म्हणजे नंतर कित्येक तास पाय सरळ ठेवून उताणं पडून राहायचं, आणि मला तर आडवं पडलं की दुखत होतं! सिस्टरने पलंगाचं डोकं थोडं वर करून दिलं, तेवढाच आधार. त्या दिवशी भोगी होती. घरी आदल्या रात्री चिरून ठेवलेली भोगीची भाजी शेजारच्या वहिनींनी आपल्या घरी नेऊन केली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाभोवती थोडं पाणी दिसलं. मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं, ‘पुढे वाकलं की बरं वाटतं का?’ मी हो म्हटल्यावर त्यांनीच मान हलवली. हृदयाभोवती एक पातळ आवरण असतं, त्याला सूज आली होती. पेरिकार्डायटिस. सूज आतल्या स्नायूपर्यंत थोडी पोचली म्हणून ट्रोपोनिन वाढलं. संधिवात सांध्यांपुरता राहत नाही, तो या आवरणालाही धरतो. शिवाय हा आजार असणाऱ्यांना खऱ्या हार्ट अटॅकचा धोकाही इतरांच्या सुमारे दीडपट असतो. चौदा-पंधरा रूमॅटॉलॉजीच्या फेऱ्यांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी सांध्यांपुरतंच ऐकलं असेल. सर्दी-खोकला होता म्हणून डिसेंबरमध्ये तीन रविवार मी माझी मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी आपल्या मनाने बंद ठेवली होती, हेही इथेच कबूल करते. त्यावरून बोलणी खाल्ली, आणि रास्त खाल्ली.

मेथोट्रेक्सेटवरून आठवलं, हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे आणि मी मागे टाकत होते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मी रविवारी घेते, आणि तो रविवार मी घेतलेलाही होता. मंगळवारी, संक्रांतीला सकाळी, सिस्टर प्लास्टिकच्या छोट्या कपात गोळ्या घेऊन आली. मी कप घेतला आणि गोळ्या हातावर ओतल्या. त्या लहानशा पिवळ्या गोळ्या बघून माझ्या पोटात गोळा आला. ‘सिस्टर, या रविवारच्या.’ ‘चार्टवर रोज आहे, काकू.’ मी कप परत दिला आणि घेणार नाही म्हटलं. तिने डॉक्टरांना फोन लावला, खाडाखोड झाली, तिने सॉरीही म्हटलं. पण मी गुंगीत असते तर? तेव्हा घरच्या माणसाला आपल्या गोळ्यांचे रंग आणि वार माहीत हवेत. आमच्या यांना माहीत नव्हते, आता पाठ आहेत.

आता गुरुवार.

डिस्चार्ज समरी तयार व्हायला बारा वाजले. सव्वाबाराला फाइल खिडकीत गेली. मी म्हटलं, तीन तास. मे 2024 मध्ये विमा नियामकाने परिपत्रक काढलंय : हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती गेल्यावर कंपनीने तीन तासांच्या आत अंतिम मंजुरी द्यायची, आणि त्यापुढे उशीर होऊन हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. पुण्याहून मुलीने फोनवर हे वाचून दाखवलं होतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त. एक वाजता मावशी चादर बदलायला आल्या. ‘ताई, पुढचा पेशंट खाली बसलाय.’ मग आम्हीही खाली. लॉबीत स्टीलच्या बुटक्या खुर्च्या, एकमेकींना जोडलेल्या. संधिवाताच्या माणसाला बुटक्या खुर्चीतून उठणं म्हणजे काय ते ज्याला आहे त्यालाच कळेल. शेजारचा हलला की आपणही हलायचं, वर जांघेत टोचलेलं ठणकतंय. मी प्रत्येक वेळी उठताना यांचा खांदा धरायची आणि हे प्रत्येक वेळी ‘जातो मी, तू बस’ म्हणायचे. पण मला स्वतः जाऊन विचारल्याशिवाय चैन नव्हतं.

‘मेल टाकलाय, काकू. रिफ्रेश करतोय.’ खिडकीतला मुलगा चोवीस-पंचवीसचा असेल, दर वेळी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवायचा, जणू मला त्यातलं काही कळणार होतं.

दोन चाळीसला कंपनीची क्वेरी, म्हणजे शंका, आली. केसपेपरवर आजार 20 वर्षांपासून, पॉलिसीच्या अर्जात 2014 पासून. तफावतीचा खुलासा करावा, पहिल्या तपासणीचे कागद जोडावेत. क्षणभर मला कळेना. आणि मग तो बोर्ड, तो कागद, ते ‘आजी’ सगळं आठवलं.

बरं, गंमत बघा. पॉलिसी ऑगस्ट 2018 ची. अर्जात संधिवात स्वच्छ लिहिलेला, कंपनीने त्यावर चार वर्षांची वाट बघायला लावली (तोवर त्या आजाराचा खर्च मिळत नाही), ती 2022 मध्ये संपली. (नव्या नियमात ही वाट तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.) आणि 2024 च्या नियमांप्रमाणे सलग 60 महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही. माझे 77 महिने झालेले. आजार लपवलेला नाही, मुदत उलटलेली. मग 2014 काय आणि 2005 काय, फरक काय पडतो? हे मी मुलाला फळ्यावर मांडावं तसं पायरी-पायरीने सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, ‘बरोबर आहे तुमचं, काकू. पण क्वेरीला उत्तर द्यावंच लागेल. आणि तीन तास आता कागद पूर्ण गेल्यावर मोजतील.’ त्याच्यावर ओरडून उपयोग नव्हता. तरी ओरडले.

हे घरी गेले. आमची जुनी फाइल माळ्यावर एक्स-रेच्या पाकिटांखाली होती. पहिल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची शाई उडालेली, तारीख दिसेना. पण जून 2014 चा अँटी-सीसीपीचा (या संधिवातासाठीच्या रक्तचाचणीचा) लॅब रिपोर्ट होता, छापील, तारखेसकट. इतकंच नाही, आमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याने कॉम्प्युटरमधून माझं मेथोट्रेक्सेटचं सगळ्यांत जुनं बिल काढून शिक्का मारून दिलं. ही युक्ती यांचीच. मला सुचली नसती, आणि हे त्यांना अजून कबूल केलेलं नाही.

पाच वाजता कागद गेले. सहा दहाला दुसरी क्वेरी : केसपेपरमधली नोंद चुकून झाली असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी पत्र हवं. अरे, मग दोन चाळीसला एकदमच का नाही मागितलं? डॉक्टर कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात तिथे. ज्युनिअर डॉक्टरने पत्र लिहून दिलं, शिक्का सहाव्या मजल्यावरच्या केबिनमध्ये, केबिनला कुलूप, किल्ली ज्या सिस्टरकडे ती सात वाजता ड्यूटी संपवून निघालेली. तिला पार्किंगमधून परत बोलावलं. बिचारी स्कार्फ बांधलेल्या अवस्थेत, हेल्मेट हातात घेऊन वर आली. डॉक्टर पावणेआठला बाहेर आले, उभ्या उभ्या पत्र वाचलं आणि सही करताना एवढंच म्हणाले, ‘हे पहिल्याच दिवशी दुरुस्त करून घ्यायचं असतं.’

पहिल्या दिवशी मी कॅथलॅबच्या टेबलावर होते, साहेब. पण म्हणाले ते खरं. तेव्हा ज्याला जुना आजार आहे त्याच्या घरच्यांनी ॲडमिट झाल्यावर केसपेपरवर काय इतिहास लिहिलाय तो त्याच दिवशी वाचायला मागावा. चूक असेल तर लिहिणाऱ्या डॉक्टरकडूनच दुरुस्ती आणि सही घ्यावी. ‘कधीपासून’ विचारलं की निदानाचं साल सांगावं, दुखण्याचं नव्हे. माझ्याकडे आता एक चतकोर कागद आहे, पाकिटात आणि मोबाइलमध्ये फोटो : आजार, निदानाचा महिना-साल, गोळ्या, कोणत्या वारी, पॉलिसी कधीची. तो बोलतो, मी गप्प बसते.

नऊ पाचला मंजुरी आली. हातमोजे, कापूस असल्या ‘न मिळणाऱ्या’ गोष्टींचे साडेतीन-चार हजार आम्ही भरले. ती रक्कम मला इतकी क्षुल्लक वाटली की मी बिल तपासलंही नाही, हे मला शोभत नाही.

मुलीने विमा नियामकाच्या ‘विमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाकली. कंपनीचं दिलगिरीचं पत्र आलं, तेवढ्यावर मी थांबले. ज्यांचा दावाच नाकारला गेला असेल त्यांनी थांबू नये. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जा. नाशिककरांसाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे.

तब्येत ठीक आहे. तीन महिने कोल्चिसिन ही सुजेवरची गोळी होती, तिने पोट बिघडवलं, पण पाणी आटलं. तिळाच्या वड्या मात्र घट्ट झाल्या होत्या. आम्ही त्या खलबत्त्यात कुटून आमटीत घातल्या.

डिस्चार्जनंतर चौथ्या दिवशी विमा कंपनीचा फोन आला. गोड आवाजाची मुलगी. ‘मॅडम, आमच्या कॅशलेस सेवेला तुम्ही 1 ते 5 मध्ये किती गुण द्याल?’

मी विचारलं, ‘अंदाजे सांगू की नक्की?’